बर्फात हरवलेला डॉक्टर : हॅरी गुडसर आणि आरमारातले सर्जन

मुचकुंद (धागाकर्ता)

फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेचा विषय निघाला की गाडी लगेच डबाबंद अन्नातल्या शिशावर नाहीतर नरमांसभक्षणावर जाते. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण त्या गदारोळात एक माणूस कायम मागे पडतो : 'इरेबस' जहाजावरचा असिस्टंट सर्जन हॅरी गुडसर. जहाज निघालं तेव्हा त्याचं वय २५. गेले काही महिने त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. मराठीत त्याच्यावर काही माझ्या वाचनात आलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना मोहीम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९ मे १८४५ ला 'इरेबस' आणि 'टेरर' ही ब्रिटिश आरमाराची दोन जहाजं टेम्सकाठच्या ग्रीनहाइथहून निघाली. कॅनडाच्या डोक्यावरून पॅसिफिकमध्ये उतरणारी वाट, म्हणजे नॉर्थवेस्ट पॅसेज, शोधायची होती. मुख्य होते सर जॉन फ्रँकलिन. तीन वर्षांचा शिधा बरोबर होता. ग्रीनलंडहून पाच जणांना परत पाठवलं आणि १२९ जण पुढे गेले. जुलैअखेर बॅफिन उपसागरात व्हेलच्या शिकारीवर आलेल्या जहाजांनी त्यांना पाहिलं. त्यानंतर कोणाही युरोपीय माणसाला ते जिवंत दिसले नाहीत.

१२९ माणसांमागे चार डॉक्टर होते. इरेबसवर स्टीफन स्टॅनली आणि गुडसर, टेररवर जॉन पेडी आणि अलेक्झांडर मॅक्डोनाल्ड.

गुडसर स्कॉटलंडच्या फाइफ किनाऱ्यावरच्या अँस्ट्रदरचा. मासेमारीचं गाव. बाप डॉक्टर, आजोबा डॉक्टर. थोरला भाऊ जॉन पुढे एडिंबरामध्ये शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पेशींवरच्या कामासाठी इतका नावाजला, की जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिरखोने आपल्या पेशीविकृतिशास्त्रावरच्या ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती त्याला अर्पण केली. एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयाचा अभिरक्षक आधी जॉन होता, १८४३ मध्ये ती जागा हॅरीला मिळाली. म्हणजे तेविशीतच तो बरण्यांमधल्या हजारो नमुन्यांचा राखणदार झाला होता.

पण त्याचा जीव अडकला होता समुद्रातल्या बारीक जिवांत. १८४३ मध्येच त्याने 'मेडर'वर एक निबंध लिहिला. फोर्थच्या खाडीतले कोळी या नावाने ज्याला ओळखत, तो म्हणजे पाण्यात ढगासारखा पसरणारा अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्यांचा थवा. हेरिंग मासा त्याच्यामागे येतो, आणि हेरिंगच्या मागे कोळी. हॅरीने हे पाणी जाळ्यात धरलं, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा केला, नव्या जातींची वर्णनं लिहिली. कोळ्यांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं त्याला पंचविशीच्या आतल्या पोराने शास्त्रात जागा दिली. मला हा निबंध त्याच्या सगळ्या कामात सर्वात आवडतो. त्याचं सगळंच बरोबर ठरलं असं नाही. खडकांना चिकटणाऱ्या बार्नॅकलमधला नर म्हणून त्याने ज्याचं वर्णन केलं, तो नर नसून परजीवी आहे हे पुढे डार्विनने दाखवलं. पण डार्विनला आठ वर्षांच्या बार्नॅकलप्रकरणात ज्याची दखल घ्यावी लागली, तो हौशी नव्हता.

मग हा माणूस आरमारात कशाला गेला? इथे मला खरं म्हणायचंय ते येतं.

त्या काळात निसर्गशास्त्र हा पोट भरायचा धंदा नव्हता. डार्विन 'बीगल' जहाजावर गेला तो बापाच्या पैशावर, कप्तानाचा सोबती म्हणून, आणि त्याचं जेवण कप्तानाच्या टेबलावर असे. त्याच जहाजावर रॉबर्ट मॅकॉर्मिक नावाचा सर्जन होता. नमुने गोळा करणं हे परंपरेने जहाजाच्या सर्जनचं काम. पण सोयी, सवड आणि मान सगळं तरुण पाहुण्याला मिळतंय हे पाहून मॅकॉर्मिक १८३२ मध्ये रिओहून घरी निघून गेला. खानदानी पैसा असलेला एक जंटलमन आणि पगारी डॉक्टर यांच्यातली दरी त्या एका प्रसंगात उघडी पडते.

ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याला दूरचा समुद्र पाहायचा तर असिस्टंट सर्जनची नेमणूक हाच दरवाजा होता. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला जोसेफ हूकर असाच गेला, १८३९ मध्ये, याच इरेबसवर, दक्षिण ध्रुवाकडे. पुढे प्राणिशास्त्रज्ञ आणि डार्विनचा खंदा पाठीराखा म्हणून गाजलेला थॉमस हक्सली असाच गेला, १८४६ मध्ये, 'रॅटलस्नेक'वर. आरमाराने त्यांना पगार दिला तो जखमा बांधायला आणि जुलाब आवरायला. विज्ञान त्यांनी उरलेल्या वेळात केलं. आणि मानाचं म्हणाल तर सर्जनला राजाज्ञेचा अधिकारी म्हणून दर्जा मिळाला १८४३ मध्ये. असिस्टंट सर्जन त्यानंतरही पोरसवदा मिडशिपमनांच्या (शिकाऊ अधिकाऱ्यांच्या) गर्दीत जेवत, स्वतःची केबिन नाही, लिहायला टेबल नाही. वैद्यक शिकून, पदवी घेऊन आलेला माणूस चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या दंग्यात बसून सूक्ष्मदर्शक लावतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. हक्सलीने सांगितलेल्या त्याच्या अडचणी वाचल्या की चीड येते.

गुडसरच्या नशिबाने इरेबसवरचं वातावरण बरं होतं. कमांडर जेम्स फिट्झजेम्सची ग्रीनलंडहून घरी पाठवलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यात गुडसर जाळ्यात चित्रविचित्र प्राणी पकडतोय आणि हर्षाने बेभान झालाय, असं तो प्रेमाने लिहितो. बाकीचे अधिकारी तोंडात सिगार धरून, जहाजाच्या कडेला लोंबकळत, लांब काठ्यांच्या जाळ्यांनी त्याला मदत करतायत. त्या मोहिमेबद्दलचं इतकं आनंदी चित्र दुसरं नाही.

याच दिवसांत, जून १८४५ च्या अखेरीस, डेव्हिसच्या सामुद्रधुनीत त्याने ३०० वाव खोलीवर जाळं सोडून तळ खरवडला. म्हणजे सुमारे ५५० मीटर. वर आले शिंपले, कवचधारी, तारामासे, समुद्री साळिंदरं. भरपूर आले. हे का महत्त्वाचं? त्याचा जवळचा मित्र एडवर्ड फोर्ब्स (एडिंबरात हे सगळे लोथियन स्ट्रीटवर एकाच घरात राहायचे) याने एजियन समुद्रातल्या कामावरून असा सिद्धान्त मांडला होता की ३०० वावांच्या खाली जीवसृष्टी उरतच नाही. हॅरीचं जाळं बरोबर त्या रेषेवर पोहोचलं आणि जिवंत प्राण्यांनी भरून वर आलं. तो परत आला असता तर खोल समुद्राच्या विज्ञानाची गोष्ट पंचवीस-तीस वर्षं आधी सुरू झाली असती, असं माझं ठाम मत आहे. खोल समुद्राच्या अभ्यासाला 'चॅलेंजर' जहाज निघालं ते १८७२ मध्ये.

१८४५ च्या त्या उन्हाळ्यानंतर हॅरीच्या हातचा मजकूर नाही.

पहिला हिवाळा बीची बेटावर गेला. तिथे तीन थडगी आहेत : टॉरिंग्टन, हार्टनेल, ब्रेन. १९८० च्या दशकात कॅनडाचे मानवशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांच्या चमूने ती उघडली तेव्हा गोठलेल्या जमिनीत देह जवळजवळ जसेच्या तसे होते. इरेबसवरचा खलाशी जॉन हार्टनेल ४ जानेवारी १८४६ ला वारला, वय २५. त्याच्या छातीपोटावर उलट्या 'वाय' आकाराचा छेद होता. म्हणजे जहाजावरच शवविच्छेदन झालं होतं. इरेबसवर डॉक्टर दोनच, आणि त्यातला एक एडिंबराचा शरीरशास्त्रज्ञ. शून्याच्या खाली कितीतरी अंश, बाहेर चोवीस तास अंधार, दिव्याच्या उजेडात आपल्याच वयाच्या सोबत्याचं काळीज बाहेर काढून तपासायचं, परत जागेवर ठेवायचं, शिवायचं, कपडे चढवायचे. चार दिवसांत दोघं गेले होते. डॉक्टरांना कारण हवं होतं, बाकीच्यांना वाचवण्यासाठी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १८४६ मध्ये जहाजं किंग विल्यम बेटाच्या वायव्येला बर्फात रुतली आणि सुटलीच नाहीत. ११ जून १८४७ ला फ्रँकलिन वारले. २२ एप्रिल १८४८ ला १०५ माणसं जहाजं सोडून चालत निघाली. तोवर २४ मेले होते, त्यात ९ अधिकारी.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी या माणसात गुंतलो. १८६९ मध्ये अमेरिकन शोधक चार्ल्स फ्रान्सिस हॉलला इन्युइट लोकांकडून (तिथले मूळ रहिवासी) किंग विल्यम बेटावरचा एक सांगाडा मिळाला. तो इंग्लंडला गेला. लेफ्टनंट ल व्हेस्कॉन्टचा म्हणून ओळख पटवून ग्रीनिचच्या स्मारकाखाली ठेवला गेला. २००९ मध्ये स्मारक हलवताना हाडं पुन्हा तपासता आली. दातांतल्या समस्थानिकांवरून (माणूस लहानपणी कुठे वाढला याचा माग देणारे अणूंचे प्रकार) हा माणूस ल व्हेस्कॉन्टसारखा डेव्हनचा नव्हे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याकडचा दिसतो. चेहऱ्याची ठेवण गुडसरच्या १८४५ च्या छायाचित्राशी जुळते. एका दातात सोनं भरलेलं आहे, आणि हॅरीचा भाऊ जॉन तरुणपणी एडिंबराचे नामवंत दंतवैद्य रॉबर्ट नॅस्मिथ यांच्या हाताखाली शिकला होता. बहुधा तो हॅरीच आहे.

१८७० च्या दशकात ती हाडं पहिल्यांदा ज्याने तपासली तो शास्त्रज्ञ होता थॉमस हक्सली. तोही आरमाराचा असिस्टंट सर्जन, तोही जाळी टाकून समुद्री जिवांत रमलेला. हक्सली परत आला आणि हक्सली झाला.

---

डॉ_अनु

मुचकुंद, फार सुंदर. हार्टनेलचा परिच्छेद दोनदा वाचला. मी स्वतः विकृतिशास्त्रात काम करते, त्यामुळे एक गोष्ट जाणवली ती सांगते. त्या छेदात त्यांचा रोख हृदय-फुफ्फुसांवर होता. म्हणजे त्यांना संशय छातीच्या आजाराचा होता, आणि बीटींच्या चमूलाही क्षय आणि न्यूमोनियाच्या खुणा मिळाल्या. १८४६ च्या डॉक्टरांचा अंदाज योग्य दिशेने होता. फक्त हातात उपाय नव्हता.

शिशाबद्दल लोक विचारतीलच, म्हणून आधीच लिहिते. हाडांत आणि केसांत शिसं जास्त होतं हे खरं. पण तेव्हाच्या ब्रिटनमध्ये नळ, भांडी, औषधं सगळीकडे शिसं होतं. २०१८ मधल्या एका अभ्यासात बीची बेटावर आधी मेलेल्यांची आणि किंग विल्यम बेटावर नंतर मेलेल्यांची हाडं ताडून पाहिली. मोहिमेच्या काळात विषबाधा वाढत गेली असती तर जो फरक दिसायला हवा, तो दिसला नाही. शिशाने सगळे वेडे झाले ही गोष्ट आता तितकीशी टिकत नाही.

---

खलाशी_देवगड

मी मालवाहू जहाजांवर आहे. आमच्याकडे डॉक्टर नसतोच. बहुतेक जहाजांवर सेकंड ऑफिसर दवाखाना सांभाळतो, औषधांची पेटी त्याच्या ताब्यात, आणि अडलं तर उपग्रह फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १०० किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांहून लांब सफर असेल तरच जहाजावर डॉक्टर सक्तीचा. त्या हिशोबाने १२९ माणसांना चार डॉक्टर म्हणजे आरमाराने हात आखडता घेतला नव्हता.

पण भर समुद्रात कोणी आजारी पडलं की काय वाटतं ते मी पाहिलंय. आमच्या एका फिटरचं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा जवळचं बंदर दोन दिवसांवर होतं. बंदर गाठेपर्यंत कोणी धड जेवलं नाही. तो वाचला. यांना तर बंदरच नव्हतं.

प्रश्न : स्कर्वीचं (ताज्या फळांअभावी होणारा खलाशांचा जुना रोग) काय? लिंबाचा रस सोडून गेले होते का?

---

डॉ_अनु

नाही, रस भरपूर नेला होता. जेम्स लिंडने १७४७ मध्ये 'सॅलिस्बरी' जहाजावर स्कर्वीचे १२ रुग्ण घेऊन, दोघादोघांना वेगवेगळे उपचार देऊन, संत्री-लिंबं कामाला येतात हे दाखवलं होतं. तोही आरमाराचाच सर्जन, तोही एडिंबराचाच. तरी आरमारात रसाची रोजची मात्रा सुरू व्हायला १७९५ उजाडलं. अठ्ठेचाळीस वर्षं!

अडचण अशी की रस कामाला का येतो हे कोणालाच माहीत नव्हतं. व्हिटॅमिन सी ची कल्पना विसाव्या शतकातली. त्यामुळे रस वर्षानुवर्षं पिंपात राहिला, उकळला, गोठून बाटल्या फुटल्या तर त्यातलं काय जातं हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. पुढे आरमाराने भूमध्य समुद्राकडच्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजचं छोटं हिरवं लिंबू घेतलं. आंबट तितकंच, गुण कितीतरी कमी. १८७५-७६ च्या नेअर्सच्या ध्रुवीय मोहिमेत स्लेज ओढणाऱ्या तुकड्या रस बरोबर न घेता गेल्या आणि माणसं स्कर्वीने कोसळली. मार्कहॅमची तुकडी १२ मे १८७६ ला ८३ अंश २० मिनिटांपर्यंत पोहोचली, तेव्हाचा तो विक्रम होता, पण परत आली ती एकमेकांना ओढत. घरी आल्यावर चौकशी समिती बसली.

याच्या उलट उदाहरण अलेक्झांडर आर्मस्ट्राँगचं. फ्रँकलिनला शोधायला गेलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर'चा हा सर्जन. माणसं रोजचा रस आपल्यासमोर पितायत याकडे त्याने जातीने लक्ष दिलं आणि दोनहून जास्त वर्षं स्कर्वी लांब ठेवला. हाच माणूस पुढे आरमाराच्या वैद्यकीय खात्याचा प्रमुख झाला. नेअर्सच्या मोहिमेला स्लेजवर रस न्या असा सल्ला त्याने दिला होता, तो बाजूला पडला. डॉक्टर सांगतो आणि वरचे ऐकत नाहीत, या दुखण्यावर अजून औषध निघालेलं नाही.

आणि हो, ग्रीनिचच्या त्या सांगाड्यावर स्कर्वीच्या खुणा मिळाल्या नाहीत.

---

पाचोळा

लेख आवडला, पण एक मुद्दा बोचतोय. हे सगळं त्या डॉक्टरांच्या डोळ्यांनी सांगितलं जातंय. त्या बेटांवर माणसं राहत होती. इन्युइट लोक तिथे शतकानुशतकं मुलंबाळं वाढवत होते, आणि स्कर्वीशिवाय, कारण सील आणि व्हेलची कातडी, चरबी, कच्चं मांस यांतून त्यांना हवं ते मिळत होतं. १२९ जण लोकरीचे कोट घालून, चांदीचे काटेचमचे घेऊन, त्याच बर्फात उपाशी मेले.

आणि खरं काय झालं ते इन्युइटांनी १८५४ मध्येच डॉ. जॉन रे यांना सांगितलं होतं. गोरी माणसं होडी ओढत दक्षिणेकडे चालली होती, वाटेत पडत गेली, शेवटी मेलेल्यांचं मांस खाल्लं. रे यांनी तसं कळवलं तर लंडनमध्ये आगडोंब उसळला. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून इन्युइटांनाच खोटं ठरवलं. हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी शेवटी तेच खरं ठरलं. २०२४ मध्ये तर डीएनएवरून एका खुणा असलेल्या जबड्याची ओळख पटली, आणि तो होता फिट्झजेम्स. वर मुचकुंद यांनी ज्यांची आनंदी पत्रं सांगितली ते.

'टेरर' २०१६ मध्ये सापडलं तेही सॅमी कोगविक या इन्युइट माणसाने पाहिलेली खूण सांगितली म्हणून. इन्युइट इतिहासकार लुई कामूकाक यांनी उभं आयुष्य म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी गोळा केल्या. त्यांचं नाव या धाग्यात यायलाच हवं.

---

मुचकुंद

पाचोळा, शंभर टक्के. हे लिहिलंत ते बरं केलंत, आता ते धाग्यात कायम राहील.

एक भर घालतो. टेररवरच्या असिस्टंट सर्जनला, अलेक्झांडर मॅक्डोनाल्डला, इन्युइट माणूस परका नव्हता. १८३९ मध्ये व्हेलची शिकार करणारा कप्तान विल्यम पेनी इनुलुआपिक नावाच्या इन्युइट तरुणाला स्कॉटलंडला, ॲबर्डीनला घेऊन आला. परतीच्या सफरीत मॅक्डोनाल्ड जहाजाचा सर्जन होता आणि १८४१ मध्ये त्याने इनुलुआपिकवर एक अख्खं पुस्तक छापलं. म्हणजे जहाजावर निदान एक डॉक्टर असा होता ज्याने या लोकांशी मैत्री केली होती. जॉन रे देखील डॉक्टरच, एडिंबराला शिकलेले ऑर्कनीचे. कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीत सर्जन म्हणून लागले आणि बर्फात कसं जगायचं ते स्थानिकांकडून शिकले. बर्फाची घरं बांधायचे, स्वतः शिकार करायचे. त्यांना इंग्लंडने हवा तो मान दिला नाही, कारण त्यांनी नको ते सत्य आणलं, आणि वर 'रानटी' लोकांच्या तोंडचं आणलं.

---

रानजाई

हूकरचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. सह्याद्रीत फुलं बघत हिंडणाऱ्यांना हा माणूस रोज भेटतो. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांपुढे 'हूक. एफ.' असं संक्षिप्त नाव असतं, तोच हा. 'एफ.' म्हणजे मुलगा, कारण बापही मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. इरेबसवरून परतल्यावर तो १८४७ मध्ये हिमालयाकडे निघाला, सिक्कीममध्ये १८४९ साली कैदेत पडला, सुटला. नंतर त्याने 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे सात खंड काढले, १८७२ ते १८९७. आपल्याकडच्या झाडांची ओळख पटवायला आजही त्याच्यापर्यंत जावं लागतं.

आणि गुडसरचा एक सख्खा म्हणावा असा माणूस मुंबईतच होता! हेन्री जॉन कार्टर. १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेला डॉक्टर. 'पॅलिन्युरस' नावाच्या सर्वेक्षण जहाजावर असिस्टंट सर्जन म्हणून अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याला गेला, तिथला भूगर्भ अभ्यासला. परत आल्यावर मुंबईच्या तलावांत उतरला. तेव्हा बेटावर ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे तलाव होते. त्यांच्या दगडांना, बुडलेल्या काटक्यांना चिकटणारे गोड्या पाण्यातले स्पंज त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १८४० च्या दशकाच्या शेवटी त्यावर लिहिलं. लोकांना ते शेवाळ वाटायचं. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा तो सचिव होता. १८५९ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, १८६२ मध्ये निवृत्त होऊन डेव्हनला गेला आणि उरलेलं आयुष्य स्पंजांतच घालवलं. ते तलाव तर बहुतेक बुजले.

---

निरंजन_ठाणे

हे ग्रँट मेडिकल कॉलेजवाले कार्टर ना? ज्यांनी ग्रेच्या अ‍ॅनाटॉमीची चित्रं काढली?

---

रानजाई

नाही, ते हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वेगळे. तेही मुंबईलाच, १८५८ पासून. कुष्ठरोगावर त्यांचं मोठं काम आहे, साताऱ्यालाही होते. दोघंही हेन्री कार्टर, दोघंही डॉक्टर, दोघंही मुंबईत आणि चार वर्षं तर एकाच वेळी, त्यामुळे छापील लेखांतही सरमिसळ होते. स्पंजवाले हेन्री जॉन.

---

खलाशी_देवगड

मेडरचं वर्णन वाचून आमचा जवळा आठवला. जवळा किनाऱ्याला लागला की मागोमाग मासळी येते, हे आमच्याकडच्या पोरालाही माहीत आहे. त्या डॉक्टरने कोळ्यांचं ऐकून त्यावर निबंध लिहिला हे मला फार आवडलं. आमच्या लोकांकडे असं विचारायला कोणी शिकलेला माणूस यायला हवा.

---

लीथकर

मी एडिंबरात राहतो. सर्जन्स हॉल म्युझियम निकोल्सन स्ट्रीटवर आहे, लोकांना खुलं आहे, आणि इमारत तीच १८३२ ची, जिथे हॅरी काम करायचा. लांबट दालन, वर सज्जा, भिंतीभर बरण्या. वैद्यकातल्या कोणाचं इकडे येणं झालं तर चुकवू नका. लहान मुलांना मात्र नेऊ नका.

जॉन गुडसर शहरातल्या डीन दफनभूमीत आहे. शेजारी एडवर्ड फोर्ब्स. लोथियन स्ट्रीटच्या घरातले दोन सोबती तिथे शेजारीशेजारी आहेत आणि तिसरा, बहुधा, ग्रीनिचला. अँस्ट्रदर इथून बसने गाठता येतं, बंदरावर स्कॉटलंडचं मासेमारी संग्रहालय आहे. खलाशीदादा, तुम्हाला ते नक्की आवडेल.

---

डॉ_अनु

हॅरीच्या घरच्यांचं काय झालं? भाऊ प्राध्यापक झाला हे कळलं. कोणी शोधायला गेलं का?

---

मुचकुंद

गेला. धाकटा भाऊ रॉबर्ट, तोही डॉक्टर. वेगळ्या धाग्यासाठी राखून ठेवलं होतं, पण विचारलंत तर इथेच लिहितो.

१८४९ मध्ये रॉबर्ट 'ॲडव्हाइस' नावाच्या व्हेलच्या शिकारी जहाजावर सर्जन म्हणून लागला, कारण ते जहाज हॅरी गेला त्याच पाण्यात चाललं होतं. कप्तान तोच विल्यम पेनी. लँकेस्टर साउंडच्या तोंडापर्यंत गेले, काही हाती लागलं नाही. घरी येऊन त्याने त्या सफरीवर पुस्तक लिहिलं. मित्रांच्या शोधातली सफर असं त्याच्या नावातच आहे. १८५० मध्ये पेनी पुन्हा निघाला, या वेळी सरकारी शोधमोहीम घेऊन, 'लेडी फ्रँकलिन' आणि 'सोफिया' ही दोन जहाजं. रॉबर्ट पुन्हा त्याच्याबरोबर सर्जन.

ऑगस्ट १८५० मध्ये बीची बेटावरची ती तीन थडगी सापडली, ती पेनीच्याच माणसांना. त्या वेळी तिथे इतरही जहाजं जमली होती. अमेरिकन शोधपथकाबरोबर त्यांच्या आरमाराचा सर्जन एलिशा केंट केन होता, आणि त्याने त्या दिवसाचं वर्णन लिहून ठेवलंय. लाकडी फळ्यांवर नावं कोरलेली होती. टॉरिंग्टन, हार्टनेल, ब्रेन. पाच वर्षांत सापडलेल्या पहिल्या ठोस खुणांपैकी ही एक. रॉबर्टला भावाचं नाव त्यात मिळालं नाही. तो १८५१ पर्यंत तिकडे राहिला, स्लेज घेऊन बर्फावर फिरला, आणि परत आला. हार्टनेलच्या अंगावरचे ते टाके तेव्हा जमिनीखाली होते.

केनवर मात्र स्वतंत्र धागा काढतो. पुढच्या आठवड्यात.